सत्तेचाळिसावी ओळ

(डिलाईल रोडवरच्या चाळीतली खोली, सन दोन हजार. मालन कॉम्प्युटरपुढे, तिचे आजोबा दत्ताराम, गिरणीतून निवृत्त, खाटेवर.)

मालन : ...चूक तुमच्या वहीत आहे, आबा. मशीन सत्तेचाळिसाव्या ओळीवर अडलंय.

दत्ताराम : वही माझी नाय, माझ्या जोडीदाराची, भिवाची. भिवाच्या वहीत चूक नसते. मशीनला चष्मा लाव.

मालन : हे बघा काय म्हणतंय : 'फेर पुरा' अपेक्षित.

दत्ताराम : अपेक्षित तर आम्हांला बेळगावही होतं.

मालन : मस्करी नको. शनिवारी कॉलेजातला माग आपल्याला अर्धाच दिवस मिळालाय. भिवाआजोबांनी बायकोच्या, जाईआजींच्या, लुगड्यासाठी काढलेला काठ विणून दाखवते, असं मी त्यांना सांगून बसलेय. अठ्ठ्याहत्तरीची बाई, टॅक्सीसुद्धा ठरवलीय त्यांनी.

दत्ताराम : मग तुझा तो कंपायलर करतो काय? पंधरा दिवस नुसता पंखा फिरवतोय.

मालन : तुमची भाषा मी नियमांत लिहून दिली. 'तीन खुंट्या', 'एक सोड', आणि 'फेर धर' आलं की पुढे कुठेतरी 'फेर पुरा' यायलाच हवं. त्या नियमांवरून एका टूलनं वाचणारा तयार केला. तो वही वाचून तिचं झाड करतो.

दत्ताराम : झाड?

मालन : मूळ वर, फांद्या खाली. आख्खा काठ हे खोड, फेर ही फांदी, खुंटी हे पान.

दत्ताराम : मूळ वर म्हणजे सरकारी वृक्षारोपण.

मालन : दुसरं टूल त्या झाडाच्या फांद्या हव्या तशा फिरवतं. मग मागाला कळतील असे हुकूम निघतात.

दत्ताराम : भिवा वाचायचा, मी लाकडी पट्टीच्या भोकांत खुंट्या ठोकायचो, त्याप्रमाणे साचा, म्हणजे आमचा माग, विणायचा. तेच की. फक्त आम्हांला मध्ये बिडीची सुट्टी होती.

मालन : मग शेवटचा फेर अर्धाच का सोडला?

दत्ताराम : दुपार होती. खाली संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा सुरू झाल्या, साचेखातं रिकामं झालं. भिवानं पेन्सिल कानावर ठेवली. म्हणाला, "दत्तू, तू ठोकत बस. मी फाउंटनला जाऊन आलोच."

मालन : आणि तिथं गोळीबारात गेले.

दत्ताराम : संध्याकाळी जाईबाई दारात उभी. "जाताना काय बोलले?" मी म्हटलं, काय नाय.

मालन : आबा, दोनच शब्द हवेत. मशीनला आपोआप घालायला सांगितलं असतं, पण तुम्हांला न विचारता नको वाटलं.

दत्ताराम : मला माहीत आहे गो पुढचं. पाच खुंट्या, एक सोड, फेर पुरा. पंचेचाळीस वर्षं माहीत आहे.

मालन : मग लिहिलं का नाही?

दत्ताराम : लिहिलं असतं तर काम संपलं असतं.

मालन : (वही त्यांच्यापुढे धरते.)

दत्ताराम : आणि वहीत तर काठाची डावीच बाजू आहे. उजवी कुठून आणणार?

मालन : ती लिहावी लागत नाही. शेवटची फांदी मिटली की टूल सगळं झाड आरशासारखं फिरवतं. नक्षी मधोमध पोचते आणि गेली त्याच वाटेनं परत येते.

दत्ताराम : परत येते?

मालन : खुंटीन् खुंटी.

दत्ताराम : ...टाक मग. पाच खुंट्या. एक सोड. फेर पुरा.

मालन : टाकलं. थांबा हं... वाचलं! आबा, झाड उभं राहिलं!

दत्ताराम : बरं झालं. शनिवारी जाईबाईला मागाजवळ बसव, माझ्या बाजूला. तो 'आलोच' म्हणाला होता, हा निरोप तिला द्यायचा राहिलाय.