साबाला किनारा नाही

एका बेटाच्या नावावरून कोणाच्या घरात भांडण झालंय का कधी? माझ्या घरी होता होता राहिलं.

रत्नागिरीतल्या आम्ही चौघी मैत्रिणी तारकर्लीला स्कूबा शिकलो आणि डोक्यात घेतलं, आता थेट कॅरिबियन! शेवटी दोनच बेटं उरली, बोनेर आणि साबा. हो, बेटाचं नावच साबा. आणि आमच्या ग्रुपमध्ये सासूबाईंनाही साबाच म्हणतात, हे त्यांनाही ठाऊक आहे. माझ्या चिनूला पंधरा दिवस त्याच सांभाळणार होत्या.

रविवारी सासूबाई विळीवर बांगडे साफ करत होत्या. मी भाकऱ्या थापत होते, म्हणून फोन स्पीकरवर. पलीकडून वर्षा म्हणाली, "साबा नको गं बाई. नुसती चढण, किनारा म्हणून नाही."

मीही शहाणी! म्हटलं, "आणि निद्रिस्त ज्वालामुखी! कधी जागा होईल नेम नाही. पण खोल उतरलं की आत फार सुंदर आहे म्हणे."

विळी थांबली.

मी पिठाच्या हातानेच फोन बंद करून नकाशा उघडला. "आई, बेट आहे हो ते! हे बघा, साबा."

त्यांनी चष्मा लावून तो ठिपका नीट बघितला, "बरं" म्हणाल्या आणि पुढचा बांगडा घेतला.

जेवणं झाल्यावर मी भीत भीत विचारलं, "मग आई, चिनूचं काय करायचं?"

खोलीकडे जाता जाता त्या म्हणाल्या, "जा खुशाल. ज्वालामुखी सांभाळील चिनूला. फक्त आता तासभर निद्रिस्त आहे, उठवू नका."