अंटार्क्टिकाचं पाणी

एडिसन स्टेशनवर माझ्या शेजारच्या बाकावर एक आई आणि मोठी बॅग घेतलेली तिची लेक बसल्या होत्या.

“बहिणीच्या लग्नाला तू नसणार, इला.”

“शिप वर्षातून एकदाच जाते, आई.”

“आणि कशासाठी, तर अंटार्क्टिकाचं पाणी बाटल्यांत भरायला.”

“अटलांटिकमधला कार्बन तिथल्याच खोल, थंड पाण्यातून पॅसिफिकमध्ये जातो. किती जातो, ते मेजर करायचंय.”

“पोचायला किती दिवस लागतात त्याला?”

“शेकडो वर्षं.”

“मग दोन महिन्यांत तुला काय दिसणार?”

“फक्त आजचा आकडा. तो मी घेतला नाही, तर पुढचे लोक कशाशी कम्पेअर करणार?”

“हट्टी आहेस.”

“ट्रेन आली. जाते मी.”

“येते म्हणावं.”

“तो कार्बनपण वर येतोच, आई. शेकडो वर्षांनी.”

“त्याचं राहू दे. तू मार्चमध्ये ये.”