नववीला कुठं बोर्ड असतं!

अगं, आमच्या घरात काकांना ‘कावून’, म्हणजे ‘का’, असं विचारायचं नाही, हा नियमच. परवा चहा पिता पिता ते म्हणाले, “पल्लवीचं नाव शाळेच्या पटावर राहू द्या. नववीला कुटं बोर्ड हाय? वरीसभर आपल्या सिरसाळ्याच्या दुकानात बसंल, मग एकदम दहावीला पाठवू.” पल्लवी, माझी धाकटी बहीण, दारात रडवेली उभी.

मी विचारलं, “कावून?”

“एवढं तोंड चालवायला कुटं शिकलीस गं?”

“तिच्याच तीन खोल्यांच्या खाजगी शाळेत, नववीत. ‘सर, पटत नाही’ म्हटलं, तर सरांनी खडूच हातात दिला, म्हणाले, ‘मांड तुझं.’ पल्लवी शाळेतच जाईल. तुमचा महेशही नववीतच आहे, दुकानात त्याला बसवा.”