नायेलीचा फॉर्म आणि नोटारिओचं नाक

...नाही, पण नाक माझ्या मुठीनं नाही मोडलं, टेबलाच्या कडेनं मोडलं, एवढं आधी ध्यानात घ्या. कारण आमच्या अख्ख्या गल्लीत पसरलंय की एउफ्रोसिनानं वकिलाला बुकलून काढलं. आता पहिली गोष्ट, तो वकील नव्हता. आणि दुसरी, मी स्वभावानं शांत बाई आहे, कुणालाही विचारा. पंधरा वर्षं कत्तलखान्यात उभी राहून गाईच्या बरगड्या सोडवतेय, हातात वीतभर सुरी, आणि पंधरा वर्षांत ती गाईशिवाय कुणाला लागली नाही. एकदा मुकादमाला लागली, पण तो मध्ये आला.

तर माझी नायेली. दोन वर्षांची होती, पाठीला बांधून सरहद्दीची नदी ओलांडली, अमेरिकेत आणलं तिला. इथं वाढली, इथं शिकली, शाळेत पहिली आली, आणि विद्यापीठाचं पत्र आलं, या म्हणून. या म्हणायला त्यांचं काय जातं? फी कोण भरणार? सरकारी मदतीच्या फॉर्मात सोशल सिक्युरिटीचा नऊ आकडी नंबर मागतात, आणि तो आमच्या घरात मांजरापासून माझ्यापर्यंत कुणाकडे नाही. पोरगी म्हणाली, शाळेतल्या मॅडमना विचारते. मी म्हटलं, खबरदार, आपल्याकडे कागद नाहीत हे शाळेत कळलं तर उद्या दारात पोलिसांची गाडी उभी राहील. एवढी मी शहाणी... आणि एवढं शहाणपण घेऊन गेले कुणाकडे, तर डॉन बाउदेलिओकडे. डॉन म्हणजे आमच्याकडे मानानं म्हणतात, रावसाहेब म्हणावं तसं.

टायरच्या दुकानाला लागून त्याची खोली, दारावर पाटी 'नोटारिओ'. आता आमच्या मेक्सिकोत नोटारिओ म्हणजे वकिलांचा बाप, आणि इथं म्हणजे नुसता शिक्का मारणारा, पण हे पाटीवर थोडंच लिहितात? भिंतीवर चार सोनेरी चौकटी, टेबलावर न्यायाधीशाची असते तशी लाकडी हातोडी. मला म्हणतो कसा, "बाई, निर्धास्त राहा, तुमची पोरगी ती माझी पोरगी." पैसे घेतले, फाइल ठेवून घेतली. शाळेचे दाखले, लशींचे कागद, सोळा वर्षांच्या घरभाड्याच्या पावत्या, सगळं अस्सल. आणि मग दोन महिने आज या, उद्या या.

तोवर पोरीनं काय करावं? मला न विचारता मॅडमना सगळं सांगून मोकळी. मिसेस हॅलोरन त्यांचं नाव. त्या म्हणाल्या, अगं, तुझ्यासारख्या मुलांसाठी या राज्याचा वेगळा फॉर्म आहे, त्यात नंबर लागत नाही, एक पैसा लागत नाही, पण शुक्रवार शेवटचा, आणि दाखले हवेत. आणि त्या माणसानं सरकारी मदतीच्या फॉर्मात कुणाचा नंबर घातलाय ते आधी बघ. हे पोरीनं मला सांगितलं बुधवारी, मी तव्यावर तोर्तिया टाकत असताना. ती तोर्तिया कुठं जाऊन चिकटली ते विचारू नका. मी शांत बाई आहे.

गुरुवारी पाळी सुटली तशी गमबुटांवरच निघाले. गाडी ओब्दुलियानं चालवली. ती नायेलीची धर्ममाय, माझ्याच पट्ट्यावर गाईच्या मांड्या कापते. तिला म्हटलं, तू बाहेर थांब, मला गोडीत बोलायचंय. आणि बोललेही गोडीत. म्हटलं, डॉन बाउदेलिओ, शाळेत दुसरा फुकटचा फॉर्म भरून देतात, तुम्ही फक्त फाइल द्या. तर म्हणे, फाइल सोडवायचे पैसे वेगळे. म्हटलं, बरं, फॉर्मात नंबर कुणाचा घातलात?

"एका मेलेल्या म्हाताऱ्याचा," तो म्हणाला. "त्याला काय फरक पडतो?"

तुम्हीच सांगा, माझी पोरगी, सोळा वर्षं जिनं लाल दिव्याला रस्ता ओलांडला नाही, ती मेलेल्या माणसाच्या नंबरावर सही करून तुरुंगात जाणार? तिथं माझ्या 'तुम्ही'चा 'तू' झाला. टाय धरला आणि ओढला. आता मध्ये टेबल होतं, त्याला मी काय करू? नाकाचा आवाज आला, बरगडी सुटताना येतो तसाच. त्यानं हातोडी उचलून माझ्या कोपरावर हाणली, उजवा हात गेला लुळा पडून, म्हणून डाव्या हातानं चौकट काढून त्याच्या डोक्यात घातली. तो माझ्या मनगटाला चावला, मी त्याची बोटं खणात घालून खण लावला. काच, रक्त, एक दात. तेवढ्यात ओब्दुलिया आली. ओब्दुलिया कारण विचारत बसत नाही. तिनं खुर्चीच उचलली.

आणि सायरन वाजला.

खुर्ची हवेतच राहिली. पोलीस आले म्हणजे ठाणं, ठाणं म्हणजे बोटांचे ठसे, ठसे म्हणजे मी नदीपलीकडे आणि पोरगी इकडे एकटी. मी टेबलाखाली शिरले. बघते तर तो माझ्याआधीच आत, गुडघे पोटाशी घेऊन.

"अहो, तुम्ही कशाला लपताय?" मी हळूच विचारलं.

"माझ्याकडेही कागद नाहीत," तो म्हणाला. "बावीस वर्षं झाली."

सायरन आगीच्या बंबाचा होता, निघून गेला. आम्ही तसेच बसून राहिलो. त्याच्या नाकातलं रक्त माझ्या गमबुटावर ठिबकत होतं. म्हणाला, तुमचा फॉर्म पाठवलेला नाही, उरलेले पैसे येईपर्यंत कुणाचाच पाठवत नाही. म्हणजे बघा, त्याच्या हावरटपणानं माझी पोरगी वाचली. फाइल त्यानं स्वतः काढून दिली, चांगल्या हातानं. मग विचारलं, "तो दुसरा फॉर्म... खरंच फुकट असतो का? माझी पण यंदा बारावीत आहे."

मला पुन्हा एक ठेवून द्यावीशी वाटली. पण मी शांत बाई आहे. मी शाळेचा पत्ता दिला.

शुक्रवारी गेलो, तर मिसेस हॅलोरनच्या दाराशी तो आपल्या मुलीला घेऊन उभा, नाकात कापूस. मॅडमनी त्याचं नाक बघितलं, माझा झोळीतला हात बघितला, आणि दोन्ही पोरींपुढे पेनं ठेवली. संध्याकाळी चारच्या आत दोन्ही फॉर्म गेले.

त्याला जोडून एक निबंध होता, वेगळ्या शिष्यवृत्तीचा. विषय, 'माझ्या शिक्षणाच्या वाटेतला सर्वांत मोठा अडथळा'. मी म्हटलं, लिही बाळ, नदीचं लिही, कागदांचं लिही, त्या चोराचं लिही. मे महिन्यात मॅडमनी तो मला वाचून दाखवला, डोळे पुसत. दोन पानं. नदी नाही, कागद नाहीत, चोर नाही. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत नुसती मी.

आणि तुम्हाला सांगते, चार वर्षांची फी मिळाली. समितीत नऊ माणसं होती म्हणे, नऊच्या नऊ जणांना पटलं.