अंधारातल्या तुरीच्या शेंगा

नाताळच्या सुट्टीत भुताचा पिक्चर पाहाचा, हे आमचं ठरलेलंच असते. यंदा तेल्हाऱ्याले मावशीच्या घरी भरदुपारी खिडक्या लावून अंधार केला अन् बसलो सारे. मावशीनं उकडलेल्या तुरीच्या शेंगांची परात समोर ठेवली.

"लय गोड हायेत वो!" मी म्हटलं. भूत आलं तरी हात काई थांबला नाही.

अर्धी परात संपल्यावर मावसाजीनं खिडकी उघडली. माह्या हातातल्या शेंगेत, दाण्याच्या बाजूले, उकडलेली हिरवी अळी! दुसरी उघडली, तिच्यातबी अळी! मी किंचाळलोच.

"मावशी, अळ्या हायेत ना याच्यात!"

"मंग? तुरीची शेंग उजेडात पाहून खा लागते," मावशी म्हणे. "अंधार कोनं केला? अन् आत्ता तं तूच म्हणत होता, लय गोड हायेत!"