बुध वक्री झाला आणि रावजी थांबला

मंडळी, एक सांगा बरं! आपलं बिनसलं की आपण पंचांग काढतो. बुध वक्री! झालं — सगळं खापर बिचाऱ्या बुधाच्या डोक्यावर! पण ग्रह उलटा चालतो तेव्हा माणसानं काय करावं? हातपाय गाळून बसावं? की आणखी काही करता येतं?

ऐका. कोल्हापूरकडचा एक रावजी चौगुले. गुळाच्या बाजारात अडत्या. सौदा पुकारायला उभा राहिला की तोंडातून लाह्या फुटाव्यात तसे शब्द! समोरच्याचं वाक्य अर्ध्यात असतानाच ह्याचं उत्तर तयार! बाजारात खपतं हो ते. पण हा गडी घरीसुद्धा तसाच! बायकोला विचारायचा, "जेवलीस का?" — आणि ती 'हो' म्हणेपर्यंत चप्पल पायात! हसू नका... तुमच्यातले निम्मे तसेच आहात!

बायको हिराक्का. शांत, हसरी. मंगळवारच्या भजनात टाळ धरायची, आणि असा धरायची की मृदंगवाल्यानं तिच्याकडे बघून ठेका सांभाळावा.

तर रावजीनं ठरवलं, स्वतःचं गुऱ्हाळ घालायचं. गेला शंकरशास्त्र्यांकडे. "शास्त्रीबुवा, मुहूर्त काढा. उद्याचाच काढा!"

शास्त्रीबुवांनी पंचांग बघितलं. "रावजी, बुध वक्री आहे. पौर्णिमा होऊ दे."

"तवर मी काय माश्या मारू?"

"बुध म्हणजे वाणी. तो मागं वळलाय, तूही वळ. नवं काही काढू नकोस. जुनं बोललेलं आठवून बघ. आणि कुणी काही बोललं, तर त्याचं पुरतं ऐकल्याशिवाय तोंड उघडायचं नाही!"

मंडळी, रावजीला ही शिक्षा म्हणजे मुंगीला सांगावं, बाई, जरा बस! पण ग्रहाची भीती मोठी. ओठ दाबून घरी आला. हिराक्का चुलीपुढं भाकरी थापत होती.

"हिरे, आज ऊन लई हुतं, न्हाई?"

"व्हय," ती हसून म्हणाली, "वांगं केलंय."

एरवी रावजी एव्हाना मोरीवर हात धुवायला पोचला असता! आज थांबला. ऊन विचारलं, आणि वांगं कसं आलं? पुन्हा विचारलं. ती पुन्हा हसली. "वाढू का?"

रावजी तिच्या पाठीमागं जाऊन उभा राहिला. हळूच म्हणाला, "हिरे..."

भाकरी फिरत राहिली. मान वळली नाही.

जरा मोठ्यानं, "हिरे!"

नाही!

 तो पुढं येऊन तिच्यासमोर उकिडवा बसला. तोंडाकडे बघत, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "तुला ऐकू येत न्हाई?"

हिराक्काचं हसू हळूहळू मावळलं. पिठाचे हात तिनं परातीत तसेच ठेवले. "कमी येतंय. नागपंचमीपासनं."

"आणि मला सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं की वं. तुमी सौद्याला निघाला हुता. 'बरं बरं, आल्यावर बघू' म्हणलासा."

राग नाही हो तिच्या बोलण्यात! तोच तर घाव! शास्त्रीबुवांनी सांगितलं होतं ना, जुनं बोललेलं आठव? आता आपोआप आठवायला लागलं. दिवाळीला पाहुण्यांपुढं तो ओरडला होता, "बहिरी झालीस काय गं?" सगळे हसले होते. तीही हसली होती. का हसली, ते आज कळलं!

"आताशा भजनाला का जात न्हाईस?" त्यानं विचारलं. आणि थांबला. थांबला, मंडळी! रावजी चौगुले!

"माझा टाळ चुकाय लागला. बायका काय बोलल्या न्हाईत. पर माझी मलाच लाज वाटली."

"मी हाय न्हवं," एवढंच तो म्हणाला. त्या रात्री दोघं एका ताटात जेवली.

दुसऱ्या दिवशी बाजार टाकून तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. एक कान औषधानं बराच सुधारला, दुसऱ्याला यंत्र लागलं. यंत्र बसवताच रावजी सवयीनं गरजला, "आता येतंय का गं ऐकू?"

हिराक्का दचकली. "अवं, हळू! अख्ख्या दवाखान्याला ऐकू गेलं!"

पौर्णिमा गेली, बुध मार्गी लागला. शास्त्रीबुवांचा निरोप आला, मुहूर्त मंगळवारचा. रावजीनं उलट निरोप धाडला, "मंगळवार सोडून कुठलाबी द्या. त्या दिवशी हिचं भजन असतंय." आणि मंगळवारी हा अडत्या देवळाच्या पायरीवर गप्प बसून राहिला. आत टाळ वाजत होता. एखादा ठोका अजून चुकत होता. पण ती वाजवत होती!

आता मंडळी, खरी गोष्ट सांगू? बुध कधी मागं जात नाही. तो आपल्या वाटेनं चाललेला असतो. आपल्या जागेवरून तो मागं गेल्यासारखा दिसतो. थांबायचं आपणच असतं! आणि थांबायला पंचांग कशाला लागावं? तुमच्या घरात कुणी तरी काही तरी सांगितलेलं आहे. तुम्ही 'बरं बरं' म्हणालात आणि निघालात. कोण होतं ते? काय म्हणालं होतं?

देवाचं नाव आत्ता घेऊच. पण त्याआधी शेजारी तुमचं माणूस बसलंय ना, त्याच्याकडे एकदा वळून बघा.

... बघितलंत? हां! आता म्हणा — विठ्ठल, विठ्ठल!