पाळीच्या पाठीमागचं गवत

मारोतराव : त्या साहेबानं धरण पाह्यलंच नाही, गनीभाऊ. त्यानं पाणी पाह्यलं. नावेत गादीवर बसून, भजी खात खात. आन् कागदावर लिहिलं, 'धरण तपासले, मजबूत आहे.' आता धरण फुटलं तं चौकशीले तोच साहेब आला. ज्यानं लिहिलं, तोच तपासणार.

अब्दुल गनी : हळू बोला, मारोतराव. बाजाराचा दिवस हाय. अर्धी घाटंजी दुकानासमोरून चालली.

मारोतराव : चालू द्या. मालकाच्या हौसेचं धरण, माझा भाऊ वाहून गेला, आन् हळू मीच बोलू?

हुस्नाबी : भाऊ, आधी बसा. चहा ठेवला हाय. बळीरामभाऊचं आयकलं तवापासून याईच्या गळ्याखाली घास उतरत नाही.

मारोतराव : बसाले नाही आलो, भाभी. काम घेऊन आलो. एवढं सरळ करून द्या, मिस्त्री.

(पोत्यात गुंडाळलेली लोखंडी पहार काढून तो ऐरणीवर ठेवतो.)

अब्दुल गनी : ही तं मधातूनच वाकली. कायले लावली होती?

मारोतराव : मी नाही लावली. बळीरामची हाय. पाणी उतरल्यावर सांडव्याच्या दगडात अडकलेली भेटली. त्याची बायको विमल घरात ठेवू देत नाही. म्हणे, दादाजी, सरळ करून कामाले घ्या, नाही तं फेकून द्या, मले अशी दिसू नका देऊ.

हुस्नाबी : त्याईले तो कागद दाखवा. कवाचे खिशात घेऊन बसले.

मारोतराव : कोणता कागद?

अब्दुल गनी : मालकाचा दिवाणजी सकाळी देऊन गेला. दुपारी डाकबंगल्यावर साहेबाले सई करून द्याचा. मले छापील अक्षर धड लागत नाही. तुमी चौथी पास हाय. वाचा.

मारोतराव : 'मी अब्दुल गनी, इंजिन मिस्त्री, लिहून देतो की, सांडव्यावर बसविलेल्या फळ्या एका माणसास एका हाताने सहज काढता येत होत्या. तसे मी साहेबांस समक्ष दाखविले होते. परंतु चौकीदार बळीराम हा त्या रात्री झोपून राहिल्याने त्याने फळ्या काढल्या नाहीत, व त्यामुळे धरण फुटले.'

हुस्नाबी : या अल्ला. दिवाणजीनं तं फक्त 'सई करा' एवढंच सांगतलं.

मारोतराव : झोपून राहिल्याने. वा. धरणाच्या पाळीखालच्या कोलाम लोकाईच्या दहा झोपड्या गेल्या. म्हातारा लखीराम अजून नाल्याकाठी आपली गाय शोधून राह्यला. हे लोक आता शिव्या कोणाले देतील? मालकाले नाही, साहेबाले नाही. माझ्या मेलेल्या भावाले. आन् त्याच्या पोराले गाव जलमभर म्हणन, झोपाळ्याचा पोरगा. खरं सांगा मिस्त्री, हे खोटं हाय ना?

अब्दुल गनी : अर्धं खरं हाय. तेच तं मले खाऊन राह्यलं.

मारोतराव : मंजे?

अब्दुल गनी : तुमाले ठाऊक हाय, वैशाखात साहेब आलता बाईसाहेबाले घेऊन. तलावाचं पाणी उतरलं होतं. नावेत चढता चढता बाईसाहेबाची चप्पल चिखलात रुतली. एक चप्पल, मारोतराव. साहेब मालकाले म्हणे, पाणी घाटाच्या पायरीवरी पाह्यजे. मालकानं मले बोलावलं. म्हणे, सांडव्यावरून जास्तीचं पाणी वाहून जाते, तठी दोन हात उंच फळ्या बसव.

मारोतराव : आन् तुमी बसवल्या.

अब्दुल गनी : बसवल्या. सागवान मांगतलं, तं मालक म्हणे सागवान नावेले लागलं. आंब्याच्या फळ्या देल्ल्या. मी इंजिनाचा माणूस. फटी दिसल्या की माझा हात थांबत नाही. मालकाच्या कापसाच्या जिनातल्या इंजिनाले जशी पॅकिंग भरतो, तशी पिंजलेली रुई फळ्याईच्या फटीत ठोसली.

हुस्नाबी : रुई म्याच पिंजून देल्ली. म्हणलं, चांगली बारीक पिंजू, याईचं नाव होईन.

अब्दुल गनी : जेठात साहेब पाहाले आला. कोरड्या फळ्या, कोरडी रुई. एका हातानं वर उचलून दाखवली. साहेबानं नावेतूनच मान हालवली. उतरला नाही. मंग पाणी चढलं. थेंब गळत नव्हता. मी छाती फुगवून फिरलो, का पाहा, माझं काम.

मारोतराव : पोळ्याच्या करीले पायरीवरी पाणी होतं. आमीही गेलतो पाहाले. गरामोफोन वाजत होता नावेत. पोट्टे पाळीवर बसून गाणी आयकत होते. मले सांगा, तवा वाईट वाटलं का कोणाले? नाही वाटलं. बापजन्मात एवढं भरलेलं पाणी पाह्यलं नव्हतं. मीही पाय सोडून बसलो.

अब्दुल गनी : मंग पावसाची झड लागली. तीन दिवस. आंब्याचं लाकूड पाणी पिऊन फुगलं. रुई फुगली. फळी दगडात अशी बसली, का जशी खिळ्यानं ठोकली. इंजिनात पॅकिंग फुगली का मिस्त्री खूश होते, मारोतराव. इंजिनाले गळू द्याचं नसते. धरणाले वाट द्याची असते. एवढी गोष्ट मले समजली नाही. पन्नास वर्षाचा झालो, आन् समजली नाही.

मारोतराव : तं मंग बळीरामच्या हातानं निघाल्याच नसत्या.

अब्दुल गनी : कोणाच्याच हातानं नसत्या निघाल्या.

मारोतराव : तं मंग हा कागद खोटा हाय. फाडा.

हुस्नाबी : दुसरं बी सांगा त्याईले. अर्धं नका सांगू. मी आतून आयकलं होतं त्या दिवशी.

अब्दुल गनी : सांगतो. ... दुसऱ्या दिवशीच्या झडीत बळीराम अठी आला होता. याच ऐरणीपाशी उभा होता, डोक्यावर पोतं घेऊन. म्हणे, मिस्त्री, फळ्या हालत नाहीत, मालक यवतमाळले गेले, तुमी चाला. मी जिनाचा पंप खोलून बसलो होतो. हासलो मी. म्हणलं, लेका, गनी मिस्त्रीचं काम हाय ते, हालन कसं? पहार लाव, निघतीन. उद्या येतो.

मारोतराव : पहार लाव म्हणलं.

अब्दुल गनी : म्याच म्हणलं. तो चिखलात आठ मैल चालत परत गेला आन् त्यानं पहार लावली. ही पहार. इंची लोखंड हाय, मारोतराव. मले भट्टीत लाल केल्याबिगर वाकवता येत नाही. झोपलेल्या माणसाच्या हातानं वाकते का हे? रातभर लटकला असन तो हिच्यावर. पाहटे त्याच्या पायाखालून पाळ गेली. आन् मी अठी पंपाचे बोल्ट पुसत होतो.

हुस्नाबी : चहा घ्या, भाऊ.

मारोतराव : राहू द्या, भाभी. ... वाटते, याच पहारीनं तुमचं डोकं फोडावं.

अब्दुल गनी : फोडा. मी हात नाही धरत.

मारोतराव : फोडलं असतं. पण माझंही एक हाय. कोणाले सांगतलं नाही, घरात बायकोले, इंदूलेही नाही. सांडव्यालगत पाळ फुटली ते ठिकाण माह्या वावराले लागून हाय. पाळीच्या पाठीमागं, पायथ्याशी. चार वर्सं झाले, भर वैशाखात तठी गवत हिरवं राहे. साऱ्या शिवारात काडी नसे, आन् तठी गुडघ्याएवढं गवत. पाय टाकला का पच्च करे.

अब्दुल गनी : पाणी झिरपत होतं.

मारोतराव : मले का समजत नव्हतं? शेतकरी हाय मी. पाळ आतून पाझरून राह्यली, हे आंधळ्याले समजन. पण माह्या बैलाईले वैशाखात हिरवा चारा भेटे. बळीरामनं एकदा इचारलं, दादा, मालकाले सांगू का? म्या म्हणलं, गप बस, मालक पाझर बुजवन आन् गवत जाईन. तो गप बसला. मोठ्या भावाचं आयकलं त्यानं. तुमचं आयकलं, माह्यं आयकलं. सगळ्याचंच आयकत गेला तो.

हुस्नाबी : मंग साहेबानं काहून नाही पाह्यलं ते गवत?

मारोतराव : नावेतून पाळीची पाठ दिसते का, भाभी? त्याले खाली उतरा लागते. बुटाले चिखल लागते. छप्पन साली राज्य बदललं, साठ साली बदललं. आमाले वाटलं, आता आपला माणूस येईन, तो उतरन. आपला माणूस आला, तोही नावेतच बसला.

अब्दुल गनी : कागद पलटवा. मागं कोरा हाय. लिहा मी सांगतो ते.

हुस्नाबी : हमीदाचे अब्बा, हंगामात जिनात कोण ठेवन तुमाले?

अब्दुल गनी : नाही ठेवन कोणी.

हुस्नाबी : ... मंग भाऊ, मोठ्या अक्षरात लिहा. त्या साहेबाले पाळ दिसली नाही, अक्षर तरी दिसू द्या.

अब्दुल गनी : लिहा. 'फळ्या मी बसवल्या. कोरड्या होत्या तवा निघत होत्या. ओल्या झाल्यावर निघत नव्हत्या. बळीराम मले बोलावाले आला होता, मी गेलो नाही. बळीराम झोपला नव्हता. पहार सोबत आणली हाय, पाहून घ्यावी.' लिहिलं?

मारोतराव : लिहिलं. खाली माह्यं लिहितो. 'मी मारोतराव, मयताचा मोठा भाऊ. पाळ पाझरते हे मले चार वर्सापासून ठाऊक होतं. बैलाच्या चाऱ्यासाठी मी सांगतलं नाही.' झालं. ही पहार आता सरळ नका करू, मिस्त्री.

अब्दुल गनी : नाही करत. अशीच टेबलावर ठेवू त्या साहेबाच्या. आता त्याच्यासाठी एक लिहा. आपण दोघाईनं आपापलं सांगतलं. त्याचं कोण सांगन?

मारोतराव : काय लिहू?

अब्दुल गनी : लिहा. 'साहेब, भर वैशाखात पाळीच्या पाठीमागं गवत हिरवं काहून होतं, हे तुमी कोणत्या दिवशी, कोणाले इचारलं? उत्तर लेखी द्यावं.'